दंडधारण आपण का विसरलो?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा, म्हणजे मात्राशितीय अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला, त्यावर टिपा लिहिल्या आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी तो मिटून ठेवला. दिनचर्या सांगताना आचार्य तेथे अभ्यंग सांगतात, त्याच्या पाठोपाठ पादाभ्यंग सांगतात आणि स्नान, वस्त्र, क्षौरकर्म असे करीत शेवटी पादत्राण, छत्र व दंड यांपर्यंत येतात. या क्रमातील अभ्यंग आपण चिकित्सालयात आणला, त्यासाठी सागवानी द्रोणी घेतली, परिचारक ठेवला, दरपत्रक लावले. त्याच अध्यायातील काठी मात्र आपण आजोबांच्या छायाचित्रात राहू दिली. वृद्धांच्या पाठ-मानेच्या दुखण्यावर चिकित्सा करताना आपली जी मोठी उणीव राहते ती नेमकी येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते येवल्यासारख्या गावातील वैद्यकीच्या अनुभवावर उभे आहे.

येवल्यात वैद्यकी करणाऱ्याला कटिशूलाचा आणि ग्रीवाशूलाचा रुग्ण शोधावा लागत नाही. पैठणीचे हे गाव. पैठणी साड्या व वस्त्रांना २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि येवल्याचे नाव पुन्हा दूरवर गेले. पण ज्या पाठींवर ही कीर्ती तोललेली आहे त्या पाठींविषयी फारसे कोणी लिहीत नाही. पारंपरिक माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर विणकराची बैठक, पाय खाली पावड्यांवर. पुढे ताणलेला ताणा आणि पोटाशी विणलेले कापड गुंडाळण्याचा लाकडी रूळ. साध्या अंगाचे विणकाम चालू असते तेव्हा निदान हातापायांची लय तरी असते. धोटा जातो, पावडी दबते, शरीर हलते राहते. पदर सुरू झाला की ही लय संपते. मोर, मुनिया, आसावली, जे काही काढायचे ते वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने एकेका ताण्याखालून काढून, धागे मोजून, एकमेकांत अडकवून भरायचे. पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे ही पैठणीची शपथच आहे. त्या वेळी मान खाली, खांदे वर चढलेले, कंबर पुढे झुकलेली, डोळे वीतभर अंतरावर, आणि असे तासन्‌तास. भरजरी पदराची साडी काही महिने चालते. हे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षे काढलेला माणूस पासष्टीत आपल्यासमोर येतो आणि म्हणतो, ‘‘वैद्यबुवा, कंबर धरली आहे, मान वळत नाही.’’

आपण काय करतो? नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, मलप्रवृत्ती विचारतो, क्ष-किरण चित्र असेल तर उजेडाकडे धरून मणक्यांतील अंतर कमी झाल्याचे रुग्णाला दाखवतो. धातुक्षयजन्य वातप्रकोप म्हणून संप्राप्ती मांडतो. मग कटिबस्ती, मन्याबस्ती, पत्रपोट्टली स्वेद, मात्राबस्ती. पोटात त्रयोदशांग वा लाक्षादी गुग्गुळ, दशमूलारिष्ट. यांत निंद्य असे काहीच नाही. वृद्धाला मात्राबस्ती जितकी मानवते तितकी क्वचितच दुसरी चिकित्सा मानवते, आणि सात दिवसांत शूल उतरतो हेही खरे. रुग्ण आनंदाने जातो. तथापि तो दारातून कसा गेला, उंबरठा ओलांडताना चौकट धरली का, वळताना दोन पावलांऐवजी पाच पावले टाकली का, हे पाहायला आपण खोलीत नसतो. आपण पुढच्या रुग्णाची नाडी पाहत असतो.

याचे आश्चर्य अशासाठी वाटते की आपल्या आचार्यांनी वातव्याधी ओळखले ते चालीवरून. गृध्रसी हे नावच गिधाडाच्या चालीवरून पडले, असा त्याचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. खंज आणि पंगू यांतील भेद पायांच्या गतीचा आहे. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात कलायखंज वर्णिला तो तर निव्वळ निरीक्षणाचा नमुना आहे: चालू लागतानाच कंप पावणारा, लंगडल्यासारखा जाणारा, सांध्यांचे बंध सैल झालेला रुग्ण त्यांनी चालताना पाहिला होता, निजवून पाहिला नव्हता. आज आपण गृध्रसीची परीक्षा रुग्णाला टेबलावर उताणा निजवून, पाय वर उचलून करतो. ही परीक्षा उपयुक्त आहे. पण ज्या व्याधीचे नाव चालीवरून आले तो रुग्ण एकदाही न चालता आपल्याकडून घरी जातो, याला काय म्हणावे?

वाग्भटांचे एक सूत्र या संदर्भात वारंवार आठवते. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मज्जाक्षयाची लक्षणे सांगताना त्यांनी अस्थींचे पोकळपण, भ्रम आणि डोळ्यांपुढे अंधारी या तीन गोष्टी एकाच ठिकाणी गोवल्या आहेत. विद्यार्थिदशेत ही तीन लक्षणे एकत्र का, असा प्रश्न पडत असे. हाड पोकळ होणे ही अस्थीची गोष्ट, भ्रम ही मस्तिष्काची, तिमिरदर्शन नेत्राचे. त्यांचा मेळ कसा बसावा? वृद्ध रुग्णांच्या सहवासात काही वर्षे गेली की उत्तर आपोआप मिळते. ज्याचे हाड ठिसूळ त्यालाच भोवळ येते, त्यालाच नीट दिसत नाही, आणि म्हणून तोच पडतो व त्याचेच हाड मोडते. आधुनिक वैद्यकाने अस्थिसौषिर्य आणि पतन यांचा विचार एकत्र करावा असे सांगायला विसावे शतक सरत आले. आपल्याकडे तो एका ओळीत होता, आणि आपण त्यातील फक्त सौषिर्य घेतले व प्रवाळ-लाक्षा लिहून मोकळे झालो.

पडणे ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक किंवा त्याहून अधिक वर्षभरात जग सोडतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. उरलेल्यांपैकी पुष्कळांचे पूर्वीचे चालणे परत येत नाही. विणकराच्या घरात याचा अर्थ काय होतो हे येवल्याच्या गल्लीबोळांत हिंडलेल्याला वेगळे सांगायला नको. घरातील एक माणूस खाटेवर, एक त्याच्या सेवेत, आणि एक माग बंद. पाठीचा शूल माणसाला त्रास देतो. पतन त्याचे घर मोडते. आणि शूल व पतन यांचे नाते निकटचे आहे. दुखणाऱ्या कंबरेचा माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की मांड्यांचे मांस उतरते, मांस उतरले की उठताना तोल जातो, एकदा तोल गेला की भीती बसते, आणि भीती बसली की तो आणखी कमी हलतो. हे चक्र नुसत्या तेलाने तुटत नाही.

म्हणून माझी व्यवसायबंधूंना पहिली विनंती अगदी साधी आहे. साठी ओलांडलेला रुग्ण पाठ, मान, गुडघा, कशासाठीही आला तरी द्रोणीवर घेण्यापूर्वी त्याला चालवून पाहावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चिकित्सालयात खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीवर रंगाची एक रेघ मारावी. रुग्णाने खुर्चीतून उठावे, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जावे, वळावे, परत येऊन बसावे. हातातील घड्याळावर सेकंद मोजावेत. १९९१ साली ही परीक्षा वैद्यकीय वाङ्मयात आली आणि आज जगभर वापरली जाते. बारा सेकंद वा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. सेकंदांपेक्षाही वैद्याच्या डोळ्याला बाकीचे अधिक सांगते: हातांनी खुर्ची दाबून उठला काय, पाऊल उचलतो की घासतो, वळताना थबकतो काय, हात हलतात की अंगाशी चिकटलेले आहेत. त्यानंतर भिंतीजवळ उभे करून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावून उभे राहण्यास सांगावे व आपला हात जवळ ठेवावा. दहा सेकंद जमले नाही तर सावध व्हावे. शेवटी रक्तदाब निजवून आणि उभे करून, एक मिनिटाने व तीन मिनिटांनी, असा मोजावा. वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर भोवळीचे एक कारण हाती लागले. पुष्कळ वृद्ध रक्तदाबाच्या, झोपेच्या, लघवी वाढवणाऱ्या अशा चार-पाच गोळ्या घेत असतात आणि वैद्याकडे येताना त्या घरी ठेवून येतात. त्या पिशवीसकट मागवाव्यात. कोणतीही गोळी आपण परस्पर बंद करू नये. ज्याने दिली त्या डॉक्टरांस चिठ्ठी लिहावी. एवढ्या सगळ्याला दहा मिनिटे लागतात.

आता थोडे आपल्याच घरातील पाहू. वृद्ध रुग्ण पडण्याची शक्यता अधिक असते अशी एक जागा म्हणजे आपली स्नेहन-स्वेदनाची खोली. सर्वांगाला तेल, त्यावर पेटीस्वेद, रक्तवाहिन्या विस्फारलेल्या, घाम गेलेला, कित्येकदा सकाळपासून पोटात काही नाही. अशा अवस्थेत परिचारक हाक मारतो, ‘‘उठा बाबा, झालं.’’ बाबा उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खाली चकचकीत फरशीवर तेलाचे पाऊल पडते. स्वेदनानंतर पाच-दहा मिनिटे निजवून ठेवणे, मग काठावर बसवणे, तळपाय कोरड्या पंचाने व थोड्या बेसनाने स्वच्छ पुसणे, पायात घट्ट पादत्राण देणे आणि हात धरून स्नानगृहापर्यंत नेणे हे पश्चात्कर्मात मोडते. आपण पश्चात्कर्म म्हणून पथ्याची यादी छापून देतो, ती चांगलीच आहे. पण तिच्या आधी फरशीवर एक खरखरीत चटई हवी आणि भिंतीला एक दांडी हवी. शहरांतील मोठमोठ्या पंचकर्म केंद्रांतही जेथे पितळी समई दिसते तेथे ही दांडी दिसत नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पादाभ्यंगाविषयी मात्र आपण पुरेसे बोलत नाही. चरकांनी पायांची खरता, स्तब्धता, रूक्षता व सुप्ती जाणे, पायांना बल आणि स्थैर्य येणे, दृष्टी प्रसन्न होणे, गृध्रसी न होणे हे सारे पादाभ्यंगाच्या फलश्रुतीत सांगितले आहे. पायांचे स्थैर्य, डोळ्यांची दृष्टी आणि कंबरेची नाडी एकाच सूत्रात! वृद्धाच्या तोलाचा विचार याहून नेटका कसा मांडता येईल? घरी सुनेने वा नातवाने रात्री पायांना तीळतेल चोळून, ते जिरल्यावर पुसून, पाय कापडात गुंडाळून निजवावे. त्याच निमित्ताने तळपायावरची जखम दिसते, मधुमेह्याच्या पायाची बधिरता कळते, वाढलेली नखे दिसतात. रात्री लघवीला उठण्यापूर्वी मात्र ते तेल पुसलेलेच असावे, आणि खाटेपासून मोरीपर्यंत मंद दिवा जळता असावा.

आता ज्या मुद्द्यावर काही ज्येष्ठ वैद्यांचा रोष होण्याचा संभव आहे त्याकडे वळतो. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा असे स्पष्ट म्हटले आहे. या वचनाचा आधार घेऊन आपल्यापैकी अनेकजण वृद्ध कटिशूलाच्या रुग्णाला ‘‘विश्रांती घ्या, वाकू नका, जिना चढू नका’’ असे सांगतात. माझे म्हणणे असे की येथे निषेध आहे तो शरीराला आयास देणाऱ्या, बलाच्या अर्ध्यापर्यंत नेणाऱ्या व्यायामाचा, तालमीतल्या जोर-बैठकांचा. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या केली तीत शरीराची जी चेष्टा स्थैर्यासाठी आणि बल वाढविण्यासाठी असेल ती व्यायाम, आणि ती मात्रेने आचरावी, असे म्हटले आहे. स्थैर्य हा शब्द व्याख्येतच आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात देहाला फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणाची स्तुती केली आहे आणि ती करताना वृद्धांना वगळलेले नाही. मात्रेचा प्रश्न आहे, निषेधाचा नाही. ज्याला मात्रा ठरवता येत नाही त्याला निषेध सोपा वाटतो, एवढेच.

बाहेरच्या जगाने यावर मोजून पाहिले आहे. २०१९ साली कॉक्रेन संस्थेच्या समालोचनात शंभराहून अधिक प्रयोग आणि २३ हजारांवर वृद्ध यांची माहिती एकत्र केली गेली. तोल आणि पायांचे बल वाढविणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. चिनी ताइ-चीसारख्या संथ हालचालींचाही त्यांत उपयोग दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी, वृद्धांचाही समावेश करून, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत शिक्षण, व्यायाम आणि काही मर्यादांसह मर्दन यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे आणि वजने लावून ताणणे नित्य उपचार म्हणून देऊ नयेत असे म्हटले आहे. आपल्या गावात औषधाच्या दुकानातून सर्वाधिक काय खपते, तर पट्टा. वर्षभर पट्टा बांधून आलेल्या विणकराला तो सोडायला सांगणे किती कठीण असते हे ज्याचे त्याला ठाऊक.

विणकराची गंमत अशी की मागावर असेपर्यंत नकळत त्याचा एक व्यायाम चालू असतो. खड्ड्यातून दिवसातून आठ-दहा वेळा काठावर तळहात टेकून वर यावे लागते, पुन्हा उतरावे लागते. मांड्या, दंड, कंबर सगळ्यांचे बल त्यात कामी येते. दृष्टी मंदावली, मुलगा मागावर बसला आणि म्हातारा ओटीवर खुर्चीत गेला की हे उठणे-बसणे एकदम थांबते. मग तो कांड्या भरतो, पण बसून आणि पुन्हा मान खाली घालूनच. माझा अनुभव असा की अशा माणसाची पाठ मागावर असताना जितकी दुखत होती त्याहून ओटीवर अधिक दुखते आणि वर्षभरात चाल बिघडते. त्याला औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे: सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे, जमेल तसे दहापर्यंत नेणे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा वर उचलणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, कोणी जवळ असताना एका रेषेत पाऊल टाकणे. पहिले आठ दिवस वेदना थोडी वाढेल हेही सांगावे, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी सोडून देतो. आणि हे काम भौतिकोपचार तज्ज्ञाचे, आपले नव्हे, असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते की आडगावच्या म्हातारीला तो तज्ज्ञ कोठे भेटणार आहे? भेटत असेल तर अवश्य पाठवावे, त्यात मानहानी नाही.

चाल पाहण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. मानेतील मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जू दाबला जातो तेव्हा पुष्कळदा मान फारशी दुखतच नाही. रुग्ण म्हणतो, हात जड वाटतात, सदऱ्याची गुंडी लागत नाही, चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात. येवल्यात हा रुग्ण वेगळ्या भाषेत बोलतो. धागा सांधता येत नाही, बारीक कांडी बोटांतून निसटते, पूर्वी डोळे मिटून होणारी गाठ आता तीन वेळा मारावी लागते. हे वाक्य कानी पडताच मन्याबस्ती बाजूला ठेवावी. याला वृद्धापकाळ म्हणून, किंवा वातव्याधी असाध्यच असे म्हणून तेले बदलत राहिलो तर जे महिने जातात ते परत मिळत नाहीत. वेळीच शस्त्रकर्म झाले तर हात आणि चाल वाचू शकतात. अशा माणसाच्या मानेला झटका देऊन ती ‘मोकळी’ करणारे हात आपल्या पंचक्रोशीत कमी नाहीत, केशकर्तनालयातही ते भेटतात. त्यापासून त्याला वाचवणे हे आपले काम आहे.

याच वर्गातील इतर खुणा सर्वांना परिचित आहेत, तरी थोडक्यात सांगतो. रात्री झोपू न देणारा शूल, ज्वर, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय वा अर्बुद मनात आणावे. म्हातारीची पाठ हंडा उचलताना वा नुसती शिंक येऊन एकाएकी धरली तर मणका दबला असेल. क्ष-किरण पाहिल्याशिवाय मर्दन करू नये. लघवी तुंबणे, बैठकीच्या जागी बधिरता, पायातील बल झपाट्याने जाणे यांना एक दिवसही थांबवू नये. आणि सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची चौकशी आवर्जून करावी. दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने शूल जातो आणि अस्थीही जातो. बदनामी मात्र आयुर्वेदाची होते.

जाता जाता येथील संक्रांतीविषयी. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे येवले गच्चीवर असते. आजोबांच्या हातात आसारी असते, मान आकाशाकडे ताणलेली असते आणि पाय कठड्याच्या दिशेने मागे सरकत असतात. वर्षभर पुढे वाकलेली मान तीन दिवस मागे झुकवली की काय होते ते चौथ्या दिवशी आपल्या दवाखान्यात दिसते. पतंग उडवू नका, असे सांगणाऱ्या वैद्याचे येवल्यात कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. खुर्ची टाकून, पाठ टेकून, भिंतीकडे पाठ करून बसा आणि आसारी धरा, पतंग नातवाच्या हाती द्या, एवढे सांगितले तर ऐकतात.

आणि काठी. काठी घ्या म्हटले की प्रतिष्ठेला धक्का बसतो. ‘‘एवढा म्हातारा झालो नाही अजून,’’ हे उत्तर ऐकले नाही असा वैद्य नसेल. पंढरीच्या वाटेवर तोच गृहस्थ आनंदाने काठी घेतो. गावातल्या बाजारपेठेत घेत नाही, कारण तेथे ओळखीचे असतात. येथे आपल्या शब्दाला वजन आहे. दुकानदाराने दिलेली काठी आणि वैद्याने चिठ्ठीवर ‘दंडधारण’ असे लिहून दिलेली काठी यांत फरक पडतो. पाय घसरणाऱ्याला सावरणारी आणि भय घालवणारी असे जिचे गुण चरकांनी सांगितले ती वस्तू उपचार म्हणून दिली तर तो ती उपचार म्हणून घेतो. मात्र द्यायची तर मापाने द्यावी. रुग्ण सरळ उभा, पादत्राण घातलेला, हात सैल सोडलेला असताना मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. फार उंच काठीने खांदा चढतो आणि मानेचे दुखणे वाढते. फार बुटकी काठी कंबर वाकवते. एका गुडघ्यात वा खुब्यात वेदना असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. खाली रबरी टोपण हवे, आणि ते झिजले की बदलायला हवे. टाचेकडून सैल झालेल्या चपलेबरोबर काठी दिली तर अर्धा लाभ वाया जातो, म्हणून पादत्राणही त्याच वेळी पाहावे.

मागाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि तो एकट्या वैद्याच्या हातचा नाही. निदानपरिवर्जन म्हणजे विणकराला विणणे सोडायला सांगणे नव्हे. बैठकीखाली जाड गादी घालून कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित उंच ठेवणे, पदरावर बाजूने सरळ प्रकाश पाडणे, चष्म्याचा क्रमांक वेळेवर तपासणे, अर्ध्या तासाने खड्ड्यातून वर येऊन दहा पावले चालणे, एवढे सुचवता येते. पण जो विणकर दुसऱ्याच्या मागावर साडीमागे मजुरी घेतो, त्याच्यासाठी प्रत्येक वेळी उठणे म्हणजे तेवढी मजुरी लांबणीवर जाणे आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांवर माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. माग झाला की चूलही त्यांच्याकडेच असते. माग भरवणाऱ्या व्यापाऱ्यांशी आणि विणकरांच्या सहकारी संस्थांशी बसून बोलायचे तर ते आपल्या संघटनेच्या तालुका शाखेने बोलावे. एकट्या वैद्याचे ऐकले जाईलच असे नाही. पुढच्या त्रैमासिक बैठकीत येवला, निफाड, सिन्नर, मालेगाव, चांदवड या भागांतील सभासदांनी आपापल्या केसपेपरवर वृद्ध रुग्णाच्या नाडी-जिव्हेखाली चाल, तोल आणि गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, या तीन नोंदींसाठी जागा ठेवावी, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. रेघेसाठी लागणारा रंग कोठेही मिळतो.